गोळी सोडली, हळद धरली

मला बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी पाणी पितो, मग इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी तोच प्रश्न विचारतो: "पण काय गो, तू तर हळदीच्या कॅप्सूल खायचीस ना?" पहिल्या आठ-दहा जणांना मी नीट उत्तर दिलं. त्यानंतर दारात चपला वाजल्या की झोपेचं सोंग घ्यायला लागले. आता जीभ वळते आहे, डाव्या हातात पेला राहतो आहे, तेव्हा एकदाच काय ते लिहून काढते. पुन्हा कुणी विचारलं तर हे कागद पुढे करीन.

मी शैला. वय त्रेपन्न. रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर आमची वाडी. आमचे हे मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मुलगी केतकी खेडला दिलेली आहे. वाडीत आम्हा अकरा बायकांचा बचत गट आहे आणि आंब्याच्या कलमांच्या सावलीत आम्ही हळद लावतो. काढायची, उकडायची, वाळवायची, दळायची, सगळं आमच्याच हातचं. हळद उत्तम होते, त्यात आजही मी कमीपणा घेणार नाही.

माझं प्रेशर

तीन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात तपासणी होती. सगळ्या जात होत्या म्हणून मीही गेले आणि माझं प्रेशर निघालं. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सांगितली. मला काहीसुद्धा होत नव्हतं, ना डोकं दुखत होतं ना चक्कर. काही होत नसताना मरेपर्यंत गोळी खायची ही कल्पनाच मला सहन झाली नाही. गोळीने प्रेशर आटोक्यात आलं, पण संध्याकाळी पाय सुजायचे आणि चपलेचा पट्टा रुतायचा.

हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. गोळी बदलून मिळते, हे मला आता कळलंय. पण मी ते सगळ्या वाडीला सांगितलं, डॉक्टर सोडून.

गेल्या पावसाळ्यात गटाला प्रशिक्षण मिळालं. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, नुसती पूड कोण घेणार, हळदीत काळी मिरी घालून कॅप्सूल भरा, शहरातली माणसं आवडीने घेतात. शंभर भोकांची एक पाटी असते. भोकांत रिकाम्या कॅप्सूल बसवायच्या, वरून पूड पसरायची, दाबायची आणि टोपणं लावायची. आम्ही दुपारभर गप्पा मारत शेकड्यांनी भरायचो. बोटं पिवळी व्हायची ती आठवडाभर जायची नाहीत. त्या बाईंनी हळदीने प्रेशरही उतरतं असं जाता जाता सांगितलं, आणि माझ्या कानाने सगळ्या भाषणातलं तेवढंच उचललं.

मी रोज दोन कॅप्सूल सुरू केल्या. त्यांच्या जोडीला पथ्य म्हणून लोणचं, पापड आणि सुकी मासळी बंद केली. गोळी चालूच होती. महिन्याभरात प्रेशर आणखी उतरलं. आता उतरलं ते मीठ सोडल्याने, गोळीने की हळदीने, हे देवाला ठाऊक. मी मात्र सगळं श्रेय हळदीला देऊन टाकलं आणि दिवाळीनंतर गोळी सोडली. घरची हळद एवढं काम करत असेल तर परक्याची गोळी कशाला, असा माझा हिशेब. पायांची सूज गेली आणि मला आपण फार शहाण्या झालो असं वाटलं.

खुर्ची आणि सरबत

जानेवारीत रत्नागिरीला प्रदर्शन भरलं. तिथे आमचा स्टॉल होता. केतकीने मला मनगटावर प्रेशर मोजायचं मशीन दिलं होतं, ते मी स्टॉलवर नेलं. कल्पना माझीच. हे लिहिताना हात जड होतो, आणि तो हात उजवा आहे, म्हणजे आजाराचं निमित्तही सांगता येत नाही.

पद्धत अशी. माणूस स्टॉलवर आला की उभ्याउभ्याच पट्टा बांधून प्रेशर घ्यायचं आणि आकडा कागदावर लिहायचा. मग त्याला एक कॅप्सूल द्यायची, पंख्यासमोर खुर्चीत बसवायचं आणि गार कोकम सरबत द्यायचं. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. प्रत्येकाचं उतरायचं! एकशे साठचं एकशे शेहेचाळीस, एकशे पन्नासचं एकशे अडतीस. माणसं चकित व्हायची आणि आम्ही त्यांच्याहून जास्त. पी हळद आणि हो गोरी म्हणतात ते आम्ही भर मंडपात करून दाखवत होतो. कुणाला फसवतोय असं आमच्या मनातही नव्हतं. आम्हीच आधी फसलो होतो.

कुणी शंका काढली की मी स्वतःचं मनगट पुढे करायचे. "मला बघा. दीड महिना झाला, गोळीला हात लावलेला नाही." मशीनवर एकशे चौतीस दिसायचं. माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत, पलीकडच्या स्टॉलवरची माणसंसुद्धा वळून बघायची.

सरबताचे पेले भरायला माझ्या शेजारी नलूताई होत्या. आमच्या खालच्या घरातल्या. वय बासष्ट, यजमान नाहीत, दोन्ही मुलगे मुंबईला. त्यांना प्रेशरच्या दोन गोळ्या कित्येक वर्षं चालू होत्या. परत येताना एसटीत त्यांनी मला विचारलं, "मी पण सोडू काय गो गोळ्या?"

मी म्हटलं, "सोडा की! मी सोडली नाय?"

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर आम्ही बसमधे शेंगा खाल्ल्या.

मशीन बिघडलं

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा घरी प्रेशर घेतलं तर एकशे चौऱ्याहत्तर. मी ठरवलं, मशीन बिघडलं. सेल बदलले. एकशे अठ्ठ्याहत्तर. मग मी मशीन कपाटात ठेवून दिलं. आकडा कमी दाखवत होतं तोवर ते मशीन सोन्यासारखं होतं, जास्त दाखवायला लागलं तर भंगार. एवढी मी अक्कलवान.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी हळद दळायचं काम होतं. दुपारी मी खळ्यात पूड चाळत होते. डाव्या हातातली चाळण खाली पडली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. मी ह्यांना हाक मारली, पण तोंडातून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. हे नुकतेच कामावरून आले होते. म्हणाले, "उन्हात बसलीस, पित्त झालंय. आमसुलाचं सार घे आणि पड जरा."

मी पडले असते तर हे लिहायला राहिले नसते असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नलूताई घमेलं घेऊन आल्या, त्यांनी माझं वाकडं झालेलं तोंड बघितलं आणि ओरडल्या, "अहो भाऊजी, पित्त कसला? तोंड बघा तिचां! रिक्षा बोलवा!"

रिक्षात माझं डोकं नलूताईंच्या मांडीवर होतं. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. वाटेत नलूताईंनी कमरेची पिशवी सोडली, आमचीच एक कॅप्सूल काढली आणि माझ्या तोंडात घातली. "गिळ गो बाय, गिळ. आता उतरेल." मला गिळता येत नव्हतं. ती जिभेवर विरघळली, मला ठसका लागला आणि माझ्या पातळावर, त्यांच्या हातावर सगळीकडे पिवळं झालं. त्या पदराने पुसत होत्या आणि रडत होत्या. मला त्या वेळी एकच गोष्ट लख्ख कळली की ही बाई पण गोळी घेत नाहीये, आणि ती माझ्यामुळे.

"कुठली गोळी?"

दवाखान्यात आधी सीटी स्कॅन झाला. मेंदूतल्या एका बारीक नसेत गुठळी अडकली होती. प्रेशर दोनशे दहा. डॉक्टर तरुण होत्या, बोलण्यावरून देशावरच्या. त्यांनी ह्यांना विचारलं, "प्रेशरची गोळी कधीपासून बंद आहे?"

हे म्हणाले, "कुठली गोळी? बंद कुठे आहे? ती घेते की रोज."

पुढचे चार दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. भर प्रदर्शनात अनोळखी माणसांना मी ओरडून सांगितलं, घरातल्या माणसाला सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर त्यांनी सोडू दिली नसती. पाचव्या दिवशी पेज भरवताना त्यांचा चमचा थांबला. म्हणाले, "मला विचारायचं होतंस गो एकदा." मग पुढचा चमचा भरला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी सहाला ताप, प्रेशर, सुई. मग फरशी पुसायला येणार, मग चहा, मग मोठे डॉक्टर येणार, माझा हात वर करायला लावणार आणि हात खाली पडणार. मग व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन मला डब्यातले वाटाणे एक एक करून उचलायला लावायची. शेकड्यांनी कॅप्सूल भरणारी मी, पाच वाटाणे उचलताना घामाघूम व्हायचे. राग यायचा. एकदा मी तो डबा उजव्या हाताने ढकलून दिला. वाटाणे खाटेखाली गेले, आणि त्या मुलीने वाकून सगळे वेचले. मला लाज वाटली.

एक आयाबाई होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता माझे केस सोडले, तेल लावलं, गुंता काढला आणि वेणी घातली. त्यांनी ना हळदीचं विचारलं ना गोळीचं. त्या दोन खोल्यांपलीकडे गेल्यावर मी पोटभर रडले. बरं वाटलं.

डॉक्टरांना मी तोतऱ्या जिभेने स्टॉलची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "काकू, उन्हातून चालत आलेल्या माणसाला दहा मिनिटं बसवलं तर प्रेशर उतरणारच. म्हणून तर आम्ही आधी बसवतो आणि मग मोजतो."

एवढं साधं. अकरा बायका होतो आम्ही, एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"पण हळदीने उतरतं की नाही?" मी विचारलं. मला अजून सोडवत नव्हतं.

"उतरलंच तर काहींचं थोडंसं. तेवढ्यावर गोळी सोडता येत नाही. भाजीत, दुधात हळद घाला हो, कोण नको म्हणतंय? पण कॅप्सूलमधे रोजच्या चिमटीच्या कितीतरी पट जाते, वर मिरी. आणि आता तुम्हाला रक्त पातळ ठेवायची गोळी दिलीय. तिच्या जोडीला ती कॅप्सूल नको, रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. दुसरी काही औषधं चालू असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय घ्यायची नसते."

निरोप

जीभ थोडी वळायला लागली तेव्हा मी ह्यांना पहिलं काम सांगितलं, "नलूताईंना सांगा, गोळ्या सुरू करा म्हणावं. आजच." हे म्हणाले, "सांगतो." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "सांगितलं."

त्याच दिवशी गटाची अध्यक्ष सरिता मोसंबी घेऊन आली. मी तिलाही सांगितलं की कॅप्सूल बंद करा आणि सगळ्यांना कळवा. ती माझा हात कुरवाळत म्हणाली, "शैलावहिनी, आधी तुम्ही बऱ्या व्हा. पुढच्या महिन्यात मोठा स्टॉल आहे. आत्ताच बोंब झाली तर गटाचां नाव जाईल. बायकांनी एवढां उभां केलंय." ती वाईट बाई नाही. महिन्यापूर्वी मीही हेच बोलले असते, आणि म्हणूनच मला तिचा जास्त संताप आला. अर्धं तोंड चालत असताना भांडता येत नाही. मी मोसंबी घेतली नाहीत, तेवढाच माझा निषेध.

आठव्या दिवशी केतकी घरी जाऊन माझे कपडे घेऊन आली. सहज बोलून गेली, "नलूकाकी किती काळजी करतायत तुझी! त्यांनी पण धसका घेतलाय. आता दोनाच्या ऐवजी चार कॅप्सूल घेतात म्हणे, खबरदारी म्हणून."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. "कसां सांगायचां गो? आपल्या घरातनंच सुरू झालां सगळां. तोंड नाय उघडलां माझां." त्यांना बोलायला माझ्याकडे शब्द होते, पण ते नीट उमटले नसते. शिवाय ते काम माझंच होतं.

खालचं घर

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी नलूताईंकडे गेले. मधे जांभ्याच्या एकवीस पायऱ्या आहेत. एरवी मी त्या चहा गार व्हायच्या आत उतरते. त्या दिवशी केतकीला धरून पंधरा मिनिटं लागली. मशीन तिच्या पिशवीत होतं.

नलूताईंनी मला ओटीवर बसवलं, पाठीला उशी दिली. मी सरळ विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुला नाय लागू पडली. सगळां सगळ्यास लागू पडतां काय? माझां डोकां दुखत नाय, काय नाय."

"माझंही दुखत नव्हतं."

"तू गोड पण खातेस फार."

मी केतकीला पट्टा बांधायला सांगितलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. आकडा बघून नलूताई मुळीच घाबरल्या नाहीत. पाठ टेकून डोळे मिटत म्हणाल्या, "थांब. आता दहा मिनिटां बसतंय. मग घे."

आम्ही तिघी बसलो. दहा मिनिटांनी एकशे शहात्तर. त्यांचा चेहरा फुलला. "बघ! उतरला की नाय?"

माझा संयम संपला. मी ओरडले. जे काही ओरडले ते अर्धवट, तोतरं, लाळ गळत. "एकशे शहात्तर म्हणजे उतरलां काय हो? मशीन कपाटात ठेवलं तेव्हा माझं एवढंच होतं! मला काय कळत होतं त्यातलं? काहीच कळत नव्हतं, नलूताई. मला काहीसुद्धा कळत नव्हतं आणि मी तुम्हाला सांगितलं."

त्या म्हणाल्या, "मग तेव्हां एवढ्या जोरात कशाला बोललीस गो?"

मी पदराने तोंड पुसलं.

त्या उठल्या, आत गेल्या आणि गोळ्यांची जुनी पाकिटं घेऊन आल्या. फेकली नव्हती. दुसऱ्या दिवशी केतकीने आम्हा दोघींना रिक्षाने आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी नलूताईंना चांगलाच ओरडा दिला, तपासलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ओरडा मीही निम्मा घेतला. पायांच्या सुजेचं सांगितल्यावर माझी गोळी बदलून मिळाली. तीन वर्षं न बोललेलं वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागलं.

आता कागद पुढे करायचा तो खरं तर बघायला येणाऱ्यांसाठी नाहीच. नलूताई खालच्याच घरात राहतात म्हणून मला पंधरा मिनिटांत गाठता आल्या. प्रदर्शनात जे आले त्यांची नावं आम्ही लिहून घेतली नव्हती. आकडे लिहायचो, नावं नाहीत.

त्यातला एक माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उंच, बारीक, एसटीचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेलं. बोलता बोलता मंडणगडचा आहे म्हणाला. स्वतःला काही नव्हतं. माझं मनगट, माझा आकडा, सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, "आईला माझ्या फार वर्षं गोळी आहे. कंटाळलीय ती. तिला चालेल ना हे?"

मी म्हटलं होतं, "न चालायला काय झालं? बिनधास्त द्या."

दादा, तुमच्या हाती हे कुठून तरी पडो. मला तुमचं नाव माहीत नाही. मला काही कळत नव्हतं. तुमच्या आईने गोळी सोडली असेल तर तिला आजच डॉक्टरांकडे न्या, आणि ती आता कशी आहे ते मला कुणाकरवी तरी कळवा.